वजन आणि वाढ : बालकाच्या तोलनोंदीचा इतिहास

१

बालकाचे वजन करणे म्हणजेच त्याची वाढ पाहणे, असा सर्वसाधारण समज आहे. दवाखान्यात, अंगणवाडीत अथवा घरी बाळ तराजूवर ठेवले जाते, आकडा वाचला जातो आणि त्या आकड्यावरून बाळ ‘चांगले’ की ‘अशक्त’ हे ठरविले जाते. वस्तुतः या दोन क्रिया भिन्न आहेत. वजन ही एका क्षणाची स्थिती होय. वाढ ही दोन क्षणांमधील गती होय. गती जाणण्यासाठी किमान दोन आकडे, त्यांच्यामधील कालावधीचे निश्चित ज्ञान आणि त्या कालावधीत किती वाढ अपेक्षित आहे याची काही कल्पना, अशा तीन गोष्टी आवश्यक असतात. या तीन गोष्टी एकत्र येण्यास सुमारे दोनशे वर्षे लागली. त्या एकत्र आल्यानंतरही व्यवहारात गती मागे पडून स्थितीच पुनःपुन्हा पुढे आलेली दिसते, आणि त्याची किंमत बालकांना मोजावी लागलेली आहे. या घडामोडीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उपरोक्त भेद मराठी भाषेला अपरिचित नाही. बाळ ‘बाळसे धरते’, ‘अंग धरते’, ‘भरते’. उलटपक्षी ते ‘रोडावते’, ‘वाळते’, ‘सुकते’, ‘खंगते’. ही सर्व क्रियापदे अवस्थांतर सांगणारी आहेत; ‘काल होते त्याहून आज निराळे’ हा तुलनेचा अर्थ त्या प्रत्येकात अनुस्यूत आहे. ‘वजन’ हा शब्द मात्र मूळचा अरबी, फारसीच्या द्वारे मराठीत आलेला व बाजारात आणि दरबारात सारखाच रुळलेला. धान्याचे वजन असते, तसेच माणसाच्या शब्दालाही वजन असते. दोन्ही ठिकाणी तो शब्द असलेल्या गोष्टीचे मान सांगतो, होत असलेल्या बदलाचे नव्हे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या भाषेत वाढ होती, पण तिचे माप नव्हते. दवाखान्याच्या भाषेत माप आले. परंतु त्या मापाआड वाढ दिसेनाशी होण्याचा धोकाही त्याबरोबरच आला.

२

तराजूचा उपयोग सुरू होण्यापूर्वी बालकाच्या वाढीकडे कोणाचे लक्ष नव्हते, असे समजणे चुकीचे ठरेल. सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात बालकाला हलके व हितकर अन्न देण्यास सांगितले आहे. काश्यपसंहिता हा ग्रंथ तर प्रामुख्याने बालसंगोपनालाच वाहिलेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात मानवी शरीराची मापे दिली आहेत. ती ज्याच्या त्याच्या अंगुळांत मोजावयाची असतात. हा संकेत विचार करण्यासारखा आहे. त्या पद्धतीत माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी होत नाही. त्याच्या एका अवयवाची तुलना त्याच्याच दुसऱ्या अवयवाशी होते. प्रमाणबद्धता तिच्यामुळे कळते. परंतु लहान देहाचे व मोठ्या देहाचे माप एकच येत असल्याने वाढ मात्र त्या मापातून निसटते.

लोकव्यवहारात वाढीच्या खुणा कालक्रमाने ठरलेल्या होत्या. पालथे पडणे, बसणे, रांगणे, दात येणे, पाऊल टाकणे या टप्प्यांवरून मूल वेळेवर वाढत आहे की मागे पडत आहे, हे घरोघरी ओळखले जाई. बारसे, उष्टावण, बोरन्हाण यांसारख्या विधींनीही बालकाच्या वयाचे टप्पे आखून दिले होते. या खुणा उपयुक्त होत्या. पण त्या ठळक होत्या. दोन महिने वजन स्थिरावलेले मूल रोज पाहणाऱ्या डोळ्यांना फारसे निराळे दिसत नाही. जे हळूहळू घडते ते निकटच्या माणसालाच सर्वांत उशिरा कळते.

प्रत्यक्ष तोलण्याविषयी तर संकोचच होता. नवस फेडण्यासाठी मुलाची गुळाने वा साखरेने तुला करण्याची चाल महाराष्ट्रात आहे. परंतु तेथे तोलले जाते ते देवाला द्यावयाच्या वस्तूचे माप ठरविण्यासाठी. एरवी बाळाच्या अंगाची उघड वाखाणणी करणे वा ते तोलणे म्हणजे दृष्ट लागण्यास निमंत्रण, ही समजूत भारताच्या अनेक भागांत आढळते. पुढे गावोगाव तराजू नेणाऱ्या कार्यकर्त्यांना या समजुतीशी सामना करावा लागला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

३

युरोपातही बालकाला तोलण्याची कल्पना फार जुनी नाही. सतराव्या शतकातील पॅरिसचा नामांकित प्रसूतितज्ज्ञ फ्रांस्वा मोरिसो याने नवजात बालकाचे वजन दहा पौंडांहून अधिक मानले होते. ग्रंथकारांनी एकमेकांवर विसंबून असे आकडे दीर्घकाळ चालविले. खात्री करून घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. १७५३ मध्ये ग्योटिंगेन येथील योहान गेऑर्ग रोडरर याने नवजात बालके प्रत्यक्ष तोलून त्यांची वजने व लांबी प्रसिद्ध केली, तेव्हा हे आकडे सहा-सात पौंडांच्या आसपास उतरले. परंतु रोडररचे माप हे एका क्षणाचे, जन्मवेळेचे माप होते.

वाढीची पहिली खरी नोंद एका पित्याने केली. फिलिबेर गेनो द मोंबेयार या फ्रेंच सरदाराने आपल्या मुलाची उंची १७५९ मधील त्याच्या जन्मापासून १७७७ पर्यंत, सुमारे सहा-सहा महिन्यांच्या अंतराने मोजली. बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ती मापे आपल्या ‘निसर्गेतिहासा’च्या पुरवणीत १७७७ मध्ये छापली. एकाच बालकाचे अठरा वर्षे सातत्याने घेतलेले माप हे या नोंदीचे महत्त्व होय. शैशवात वेगाने होणारी वाढ, मग मंदावणारी वाढ व किशोरवयातील पुन्हा एकवारची उसळी हा क्रम तीत स्पष्ट उमटला आहे. तथापि त्या काळी ती आकड्यांची जंत्रीच राहिली. ती आलेखाच्या रूपाने मांडण्याचे काम अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड स्कॅमन याने १९२७ मध्ये केले. म्हणजे मापे घेतली गेल्यानंतर दीडशे वर्षांनी त्यांतील गती डोळ्यांना दिसली.

दुसरा मार्ग बेल्जियमच्या अदोल्फ केतले याने दाखविला. १८३५ च्या आपल्या ग्रंथात त्याने निरनिराळ्या वयांच्या अनेक व्यक्तींची उंची व वजने घेऊन प्रत्येक वयाची सरासरी काढली व ‘सरासरी माणसा’ची कल्पना मांडली. मोंबेयारने एक मूल अनेकदा मोजले. केतलेने अनेक मुले एकेकदा मोजली. पहिल्या पद्धतीत एका जिवाची वाटचाल दिसते, पण तिच्यावरून इतरांविषयी काही सांगता येत नाही. दुसऱ्या पद्धतीत इतरांविषयी सांगता येते, पण त्या सरासरीच्या रेषेवरून प्रत्यक्षात एकही मूल चाललेले नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टन येथील हेन्री बाउडिच याने शाळकरी मुलांच्या मापांना शततमकांची पद्धत लागू केली. तीनुसार शंभर मुले वजनाच्या क्रमाने उभी केली असता अमुक मूल कितव्या स्थानी येईल, हे सांगता येऊ लागले. त्याच सुमारास मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्स बोआस याने निराळ्या मुद्द्याकडे लक्ष वेधले : मुलांच्या वाढीचा वेग सारखा नसतो, कोणी लवकर वाढते, कोणी सावकाश, आणि म्हणून समान वयाची मुले वाढीच्या समान टप्प्यावर असतातच असे नाही. बाउडिचने स्थान सांगितले, बोआसने गती सांगितली. तक्त्यांमध्ये सहजपणे उतरले ते स्थान. कारण ते एका मापात मिळते.

४

अभ्यासकाच्या टेबलावरील हे ज्ञान मातेच्या व्यवहारात आणण्याचे श्रेय मुख्यतः फ्रान्सकडे जाते, आणि त्यामागे राजकीय कारण होते. १८७०-७१ च्या युद्धातील पराभवानंतर घटता जन्मदर व मोठा बालमृत्युदर या दोहोंची चिंता त्या देशाला ग्रासून राहिली. दाईकडे दूध पाजण्यास ठेवलेल्या बालकांवर देखरेख ठेवणारा कायदा १८७४ मध्ये संमत झाला. १८९२ मध्ये पॅरिसच्या शारिते रुग्णालयात प्रसूतितज्ज्ञ पियेर ब्यूदँ याने तान्ह्या बालकांसाठी सल्लाकेंद्र उघडले. रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांनी आठवड्यातून एकदा बाळ घेऊन यावे, त्याचे वजन व्हावे, ते मागील वजनाच्या शेजारी लिहिले जावे व त्यावरून दूध पुरते की नाही ते ठरावे, अशी ही योजना होती. आईच्या दुधावर भर आणि ते अपुरे पडल्यासच निर्जंतुक केलेले दूध, हा ब्यूदँचा दंडक होता. १८९४ मध्ये फेकाँ या गावी लेओं द्युफूर याने ‘दुधाचा थेंब’ या नावाचे केंद्र काढले, व त्या नावाची केंद्रे पुढे अनेक देशांत पसरली.

ब्यूदँच्या केंद्रातील तराजूचे वैशिष्ट्य असे की, तेथे तोलणे व उपाय करणे यांत अंतर नव्हते. वजन घेणाऱ्याच्याच हाती पुढील कृती होती आणि आई समोर उभी होती. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन किंचित घटते व सुमारे दहा-पंधरा दिवसांत पूर्ववत होते. निरोगी बाळाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट व वर्षाच्या शेवटी तिप्पट होते. आज प्रत्येक परिचारिकेला पाठ असलेली ही सूत्रे अशाच नियमित तोलनातून पक्की होत गेली.

इंग्लंडमधील हार्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून अशीच एक नोंदपद्धती सुरू झाली. तेथील आरोग्यपरिचारिकांच्या प्रमुख एथेल मार्गरेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली जन्मलेल्या प्रत्येक बालकाचे जन्मवेळचे वजन, त्याला दिलेले दूध अंगावरचे की वरचे, त्याचे आजार व एक वर्षाचे झाल्यावरचे वजन या गोष्टी मोठ्या खतावण्यांत लिहिल्या जात. ज्या बालकांसाठी त्या लिहिल्या गेल्या ती मोठी झाली आणि खतावण्या कपाटांत पडून राहिल्या. त्यांचा अनपेक्षित उपयोग पुढे कसा झाला, ते यथास्थळी येईल.

५

तराजू दवाखान्यात असेपर्यंत नोंदही दवाखान्यातच राहिली. ती आईच्या हाती देण्याचा निर्णायक प्रयोग पश्चिम आफ्रिकेत झाला. डेव्हिड मॉर्ली हे इंग्रज बालरोगतज्ज्ञ १९५६ मध्ये नायजेरियातील इलेशा येथे गेले. जवळच्या इमेसी-इले या खेड्यातील बालकांची जन्मापासून पाचव्या वर्षापर्यंत सातत्याने पाहणी करीत असता त्यांना आढळले की, मूल मरते तेव्हा त्याचे तात्कालिक कारण गोवर, अतिसार वा फुप्फुसदाह असे काहीही असो, त्याच्या कितीतरी महिने आधी त्याचे वजन वाढणे थांबलेले असते. आजाराची वर्दी तराजू आधी देत होता. ती वाचणारा कोणी नव्हता.

यातून त्यांनी तयार केलेला ‘आरोग्याची वाट’ दाखविणारा तक्ता तीन बाबतींत नवा होता. पहिली बाब, तो आईजवळ राहत असे. पावसापासून जपण्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती तो घरी नेई व प्रत्येक भेटीला परत आणी. दुसरी बाब वयासंबंधीची. जन्मतारीख लिहून ठेवण्याची प्रथा नसलेल्या समाजात ‘मूल किती महिन्यांचे?’ या प्रश्नाला निश्चित उत्तर मिळत नाही. मॉर्ली यांच्या तक्त्यावर महिन्यांची घरे असत. पहिल्या घरात जन्माचा महिना एकदा लिहिला की पुढील महिने ओळीने लिहिले जात, आणि वय दरवेळी हिशोब न करता आपोआप कळे. महाराष्ट्रातील खेड्यांत ‘पोळ्याच्या सुमारास झाले’, ‘शिमग्याला महिन्याचे होते’ अशा उत्तरांवरून वय काढावे लागलेल्यांना या साध्या युक्तीचे मोल सहज कळेल; कारण वय चुकले तर वजनाचा अचूक आकडाही फसवा ठरतो. तिसरी व सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, तक्त्यावर छापलेल्या दोन रेषा ही केवळ वाटेची कड होती. मुलाचा बिंदू कोठे आहे यापेक्षा त्याची रेषा कोणत्या दिशेने चालली आहे, हे पाहण्यास तेथील कार्यकर्त्यांना शिकविले जाई. रेषा वर जात असेल तर मूल सुरक्षित, आडवी झाली तर सावध, खाली वळली तर संकट. मोंबेयारची पद्धत व केतलेची पद्धत येथे प्रथमच एका कागदावर एकत्र आल्या.

६

वाटेची कड कोणत्या बालकांवरून आखावयाची, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. विसाव्या शतकाच्या मध्यास जगभर वापरला जाणारा ‘हार्वर्ड’ तक्ता हा बॉस्टन येथील उत्तर युरोपीय वंशाच्या मुलांच्या मापांवर आधारलेला होता. मेक्सिकोतील फेदेरिको गोमेस याने १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गवारीत वयानुसार अपेक्षित वजनाच्या किती टक्के वजन आहे, यावरून कुपोषणाच्या तीन पायऱ्या ठरविल्या होत्या. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ मध्ये हार्वर्ड तक्त्याचा मध्य आधाराला घेऊन चार श्रेणी निश्चित केल्या : ८० टक्क्यांहून अधिक ते सामान्य, ७१ ते ८० पहिली श्रेणी, ६१ ते ७० दुसरी, ५१ ते ६० तिसरी व त्याखाली चौथी. भारतीय बालकांची देशव्यापी मापे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५६ ते १९६५ या काळात घेतली व १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु त्यांत सर्व थरांतील बालके होती. जी बालके स्वतःच अर्धपोटी वाढली, त्यांच्या सरासरीला आदर्श मानले तर उपासमारच प्रमाण ठरते, ही अडचण त्यात होती.

१९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य-सांख्यिकी केंद्राचा तक्ता आंतरराष्ट्रीय उपयोगासाठी स्वीकारला. त्यातील तान्ह्या बालकांची मापे ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज येथे १९२९ ते १९७५ या काळात घेतलेली होती, आणि ती बालके बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या निरोगी बाळाची वाढ पहिल्या तीन-चार महिन्यांनंतर बाटलीच्या बाळापेक्षा काहीशी मंद होते. त्यामुळे त्या तक्त्यावर उत्तम वाढणारे बाळही मागे पडत असल्यासारखे दिसे. ‘तुमचे दूध पुरत नाही’ असे सांगून अशा बाळांना अकाली वरचे दूध व अन्न सुरू केले जाई. स्वच्छ पाण्याची सोय असलेल्या घरी त्यामुळे विशेष बिघडत नसेल. परंतु जेथे पाणी दूषित, तेथे वरच्या दुधाच्या बाटलीबरोबर अतिसार घरात येई. तराजू बरोबर, वय बरोबर, मापही बरोबर. चूक होती ती तुलनेसाठी निवडलेल्या बालकात.

ही चूक सुधारण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणी अभ्यास केला : ब्राझीलमधील पेलोतास, घानातील आक्रा, नॉर्वेतील ओस्लो, ओमानमधील मस्कत, अमेरिकेतील डेव्हिस आणि भारतातील दक्षिण दिल्ली. सुमारे ८,५०० बालकांची मापे त्यात घेतली गेली. सांपत्तिक अडचण नसलेली, धूम्रपान न करणाऱ्या मातांची व अंगावरच्या दुधावर वाढलेली बालके त्यासाठी निवडण्यात आली. बालके प्रत्यक्षात कशी वाढतात याऐवजी अनुकूल परिस्थितीत ती कशी वाढू शकतात, हा प्रश्न विचारण्यात आला. लांबीतील एकंदर भिन्नतेपैकी केवळ ३ टक्के भिन्नता या सहा ठिकाणांमधील फरकामुळे आढळली, तर एकाच ठिकाणच्या बालकाबालकांमधील फरकाचा वाटा ७० टक्के होता. ‘आपली मुले मुळातच लहानखोर’ या समजुतीला तान्ह्या वयापुरता तरी आधार उरला नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले हे तक्ते भारताने २००८ मध्ये स्वीकारले.

७

भारतात तराजू खेड्यापर्यंत नेला तो एकात्मिक बालविकास सेवा योजनेने. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत तिचा आरंभ झाला. अंगणवाडीच्या छताला टांगलेला काटा, त्याला अडकविलेली झोळी, तिच्यातून पाय सोडून रडणारे मूल आणि खाली नोंदवही घेऊन बसलेली सेविका हे दृश्य त्यानंतर देशभर परिचित झाले. १९८० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने बालकांच्या जीवरक्षणासाठी पुरस्कारिलेल्या चार उपायांत वाढीच्या देखरेखीला जलसंजीवनी, स्तनपान व लसीकरण यांच्या बरोबरीचे स्थान दिले.

परंतु या विस्तारातच मूळ कल्पना झिजत गेली. सेविकेने महिन्याच्या शेवटी वर पाठवावयाच्या अहवालात अमुक श्रेणीत किती मुले, हा आकडा मागितला जाई. कोणाची रेषा आडवी झाली, हे विचारणारा रकाना तितका महत्त्वाचा नव्हता. बोलण्यातही ‘तिसऱ्या श्रेणीचे मूल’, ‘लाल रंगातले मूल’ असे शब्दप्रयोग रूढ झाले, आणि अलीकडे इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेले ‘सॅम’ व ‘मॅम’ हे शब्द अंगणवाडीच्या मराठीत मिसळून गेले आहेत. हे सर्व शब्द मुलाचे स्थान सांगतात. ‘रोडावते आहे’ या जुन्या क्रियापदाचे काम करणारा शब्द नव्या परिभाषेत घडलाच नाही.

याचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. २००६ च्या तक्त्यानुसार सहा महिन्यांच्या मुलीचे मध्यक वजन ७.३ किलोग्रॅम व नऊ महिन्यांच्या मुलीचे ८.२ किलोग्रॅम आहे. कमी वजनाची सीमा अनुक्रमे ५.७ व ६.५ किलोग्रॅम आहे. समजा, एका मुलीचे वजन सहाव्या महिन्यात ७.३ होते व नवव्या महिन्यातही ७.३ च राहिले. दोन्ही वेळा ती हिरव्या पट्ट्यातच आहे. अहवालात ती ‘सामान्य’ म्हणून मोजली जाईल. दुसऱ्या मुलीचे वजन सहाव्या महिन्यात ५.५ होते, ते नवव्या महिन्यात ६.४ झाले. ती दोन्ही वेळा पिवळ्या पट्ट्यात, अर्थात् ‘कुपोषित’. वास्तविक दुसरीने तीन महिन्यांत ९०० ग्रॅम, म्हणजे मध्यक मुलीइतकीच भर घातली आहे; पहिलीची वाढ तीन महिने थांबलेली आहे. तातडीने चौकशी व्हावयास हवी ती पहिलीच्या घरी. स्थानावर नजर ठेवणारी व्यवस्था दुसरीकडे जाईल, आणि पहिलीकडे ती रंग बदलल्यावर, म्हणजे उशिरा, पोहोचेल. दुसरीला मदत नको असा याचा अर्थ नाही. तिची उणीव जुनी आहे व तिच्या आजारपणाचा धोकाही अधिक आहे. परंतु पहिलीचा ऱ्हास रोखता येण्याजोगा असताना तो नजरेआड होतो, हा दोष गंभीर आहे.

गतीवर आधारलेली व्यवस्था अशक्य नव्हती. तमिळनाडूत १९८० मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक पोषण प्रकल्पात सहा ते छत्तीस महिन्यांच्या मुलांचे दरमहा वजन करून, ज्यांच्या वजनात अपेक्षित भर पडली नाही अशांनाही पूरक आहारासाठी निवडण्यात येई व वाढ पूर्ववत झाल्यावर तो आहार थांबविण्यात येई. दुसरीकडे, त्याच राज्यातील काही खेड्यांमध्ये झालेल्या व १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने निराळाच धडा दिला. निम्म्या खेड्यांत आरोग्यसेवेबरोबर नियमित तोलन व तक्ता होता, उरलेल्यांत तीच सेवा तक्त्यावाचून होती. दोहोंकडील मुलांच्या वाढीत उल्लेखनीय फरक आढळला नाही. आरोग्यसेवा मिळाली तर तराजूवाचूनही मूल वाढते. सेवा नसेल तर तराजू केवळ मुलाच्या घसरणीचा साक्षीदार होतो. तोलणे हा उपचार नव्हे. ब्यूदँच्या केंद्रात तोलणे व उपाय यांची जी गाठ होती, ती सुटली की तोलणे हा निव्वळ विधी उरतो.

८

ही गाठ पुन्हा बांधण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झालेले आहेत. १९७० मध्ये रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातीलच, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले, व मुलांचे वजन त्यांच्या हाती आले. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून नवजात बालकांच्या घरच्या घरी देखभालीचा प्रयोग केला. गावातील आरोग्यदूत घरी जाऊन बाळाचे वजन करी आणि कमी वजनाच्या बाळाकडे अधिक वेळा फेऱ्या मारी. ऊब, स्तनपान व जंतुसंसर्गावरील उपचार यांची व्यवस्था तीच करी. या प्रयोगाने नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, व २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत ही पद्धती देशभर नेण्यात आली. दृष्टीच्या भीतीनेही येथे मोठा अडसर घातला नाही. कारण तोलणारी बाई परकी नव्हती आणि तोलल्यानंतर ती निघून जात नव्हती.

हार्टफर्डशायरच्या खतावण्यांचा धागा येथेच महाराष्ट्राशी जुळतो. डेव्हिड बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खतावण्या शोधून काढून त्यांतील पुरुषांचे पुढील आयुष्य तपासले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, एक वर्षाच्या वयात १८ पौंड वा त्याहून कमी वजन असलेल्यांमध्ये हृद्‌रोगाने मृत्यू पावण्याचे प्रमाण, २७ पौंड वा अधिक वजन असलेल्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट होते. शैशवातील वजनाचे परिणाम सहा-सात दशकांनंतरही पुसले जात नाहीत, हा त्याचा आशय. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. तेथील बालकांचे सरासरी जन्मवजन २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ होते. मात्र पुण्याच्या बालकांतील उणीव मुख्यतः स्नायूंत व अवयवांत होती. त्वचेखालील चरबी तुलनेने टिकून होती. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या मुलांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मतः लहान पण आठव्या वर्षी मोठी झालेली मुले पुढील मधुमेहाच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्यात आढळली. म्हणजे रेषा वर जाणे हेही प्रत्येक वेळी निरपवाद शुभ नव्हे. ती कोणत्या वयात, कोणत्या वेगाने वर जाते, आणि जे वाढले ते हाड-मांस की चरबी, हेही पाहावे लागते. एका आकड्याने एवढे सर्व सांगावे, ही अपेक्षाच अवास्तव होय.

एकंदरीत पाहता, रोडररच्या तराजूपासून अंगणवाडीच्या काट्यापर्यंतच्या इतिहासात माप अधिकाधिक अचूक होत गेले, तुलनेचा आधार अधिकाधिक न्याय्य होत गेला. मापामागून करावयाची कृती मात्र त्या प्रमाणात निश्चित झाली नाही. या संदर्भात मराठीतील एक साधी गोष्ट उल्लेखनीय वाटते. ‘वाढणे’ हे क्रियापद मराठीत दोन अर्थांनी वापरले जाते : मूल वाढते, आणि ताटात अन्नही वाढले जाते. पहिल्या अर्थी ते अकर्मक आहे, दुसऱ्या अर्थी सकर्मक. दुसऱ्यात वाढणारा कोणी हात लागतो. तक्त्यावर नोंदली जाते ती पहिली वाढ. ती आडवी झालेली दिसली, की त्याच दिवशी दुसऱ्या वाढीची चौकशी व्हावी – घरात काय शिजते, मुलाला दिवसातून किती वेळा आणि कोण वाढते, वाढणारी आई दिवसभर कोणाच्या शेतावर असते – एवढ्यासाठीच तो तक्ता आहे. ज्या गावात हे प्रश्न विचारले गेले, तेथे तराजूने आपले काम केले असे म्हणता येईल.